मिस्टर टिंडल यांचं पोट

मी एक पोट बोलतोय. व्याकरणाने खरं तर मी 'बोलतंय' म्हणायला हवं, पण सारा जन्म एका सभ्य गृहस्थाच्या अंगावर काढला की त्याचीच भाषा तोंडी बसते. आणि पोट म्हटलं म्हणून गैरसमज नको. मी गुरगुरणारं, करपट ढेकर देणारं पोट नव्हे. मी कापडाचा आहे. आत घोड्याचे केस, वर जाडंभरडं कापड आणि मागे बांधायला पट्टे. मला स्वतःला कधी भूक लागली नाही, पण माझ्या जिवावर एक माणूस आयुष्यभर जेवला.

त्या माणसाचं नाव ऑब्री टिंडल. तुम्ही त्याला नक्की पाहिलं असेल. जुन्या सिनेमात नायक आणि नायिका भांडत असतात आणि मागून एक जाडा स्टेशनमास्तर घाम पुसत येतो ना, तो. किंवा तो मेयर, जो फीत कापायला वाकतो आणि मग त्याला उठवायला दोघं लागतात. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणालाच ठाऊक नाही. सिनेमा संपून त्याचं नाव पडद्यावर येईपर्यंत लोक कोट चढवून दाराशी पोचलेले असायचे.

आणि गंमत अशी, की हा जाडा माणूस काडीसारखा बारीक होता.

माझा जन्म इंग्लंडातल्या स्कारबरो गावचा. समुद्रकाठी एक लहानसं थिएटर होतं, तिथे दर आठवड्याला नवं नाटक लागायचं. ऑब्री त्या कंपनीत नवा होता. अंगावर मांस म्हणून नव्हतंच, खिळ्याला अडकवावा तसा कोट त्याला अडकवायचे. त्यामुळे त्याला कामंही तशीच मिळत. पहिल्या अंकात प्रेत, दुसऱ्या अंकात 'जेवण तयार आहे' म्हणणारा नोकर. प्रेताचं काम तो फार मन लावून करायचा म्हणे.

कंपनीत जाडा नट एकच, मिस्टर बेसेट. मेयर, पाद्री, खाणावळवाले, बायकांचे श्रीमंत काका, सगळे तेच करत. एका सोमवारी सकाळी बेसेटसाहेबांना काय लहर आली कोण जाणे, किनाऱ्यावर पोरांना फिरवायची गाढवं असतात त्यातल्या एकावर ते बसले. बेसेटसाहेबांच्या पायाला प्लॅस्टर लागलं आणि गाढवाला उरलेल्या मोसमाची रजा मिळाली.

कंपनीचे मालक मिस्टर क्रॅबट्री आपल्या खुर्चीत बसून ओरडत होते, "संध्याकाळच्या खेळाला मला जाडा माणूस पाहिजे! कुठूनही आणा! खाटकाला विचारा!"

"साहेब, मी होतो जाडा," ऑब्री म्हणाला.

"तू? अरे, तू दाराच्या फटीतून आत येतोस. दार उघडायचीसुद्धा गरज पडत नाही तुला."

तेवढ्यात कपडेपटवाली डोरिस ऑकरॉइड पुढे आली. तिच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या, त्यामुळे ती फार कमी आणि फार जपून बोलायची.

"मालक, जरा उठता का?"

"का?"

"उठा तर."

ते उठले. डोरिसने कात्री घेतली आणि त्यांची खुर्ची टराटरा फाडली. तिच्या गादीतले घोड्याचे केस काढून तिने मला दुपारच्या चहाच्या आत शिवून उभं केलं. त्या खुर्चीत बसून क्रॅबट्रीसाहेबांनी कितीतरी नटांना कंपनीतून काढलं होतं. तेव्हा माझी जडणघडण तशी कठोर वातावरणातली.

पहिल्या खेळाला मी घाबरलो होतो, ऑब्री माझ्याहून जास्त. नाटकात मेयरच्या घरी मेजवानी होती. पहिला अंक नीट गेला. दुसऱ्या अंकात माझा एक पट्टा सैल झाला आणि मी निघालो. आधी डाव्या कुशीवर गेलो, मग कोटाच्या आतून थेट पाठीवर. पाहता पाहता मेयरसाहेब पुढून सपाट आणि मागून उंटासारखे. नाटकातली त्यांची बायको बोलता बोलता थांबली. विंगेत डोरिस टाचण्या गिळता गिळता वाचली.

ऑब्रीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग अगदी गंभीर चेहऱ्याने तो म्हणाला, "काय करू मॅडम, या गावातली जेवणं नुसती माझ्या मागे लागली आहेत!"

सगळं थिएटर हसून हसून कोसळलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंना बाहेर नेऊन वारा घालावा लागला. क्रॅबट्रीसाहेबांना बसायला खुर्ची उरली नव्हती, म्हणून ते उभ्यानेच हसले.

त्या दिवसापासून ऑब्री जाडा झाला. आणि नुसतं मला बांधून तो जाडा होत नव्हता, हे मी त्याच्या वतीने सांगायला हवं. सुट्टीच्या दिवशी तो चहाच्या दुकानात बसून जाड्या माणसांना न्याहाळायचा. डोरिसला येऊन सांगायचा, "डोरिस, जाडा माणूस खुर्चीत एकदम बसत नाही गं. आधी तिच्याकडे बघतो, मग तिच्याशी बोलणी करतो, मग हळूच बसतो. आणि उठताना असं वागतो जणू उठायची कल्पना दुसऱ्याच कुणाची होती."

"आणि बुटाची नाडी?" डोरिस विचारायची.

"नाडीकडे तो बघतच नाही. जुनं भांडण असावं तसं."

पुढे नाटक लंडनला गेलं, आम्हीही गेलो. एका दुपारच्या खेळानंतर मिस्टर लबक नावाचे सिनेमावाले तडक रंगपटात आले. ऑब्रीने मला अजून सोडलं नव्हतं.

"हाच चेहरा! हेच पोट!" लबकसाहेब म्हणाले आणि माझ्यावर थाप मारून मोकळे झाले. "टिंडल, माझ्या स्टुडिओत या. एकच अट. वजन उतरवायचं नाही. सिनेमात जसे, तसेच रस्त्यात. लोकांनी म्हटलं पाहिजे, बघा, हा खराखुरा जाडा!"

ऑब्रीने तोंड उघडलं. खरं सांगून टाकावं असं त्याच्या मनात होतं, मला आतून कळत होतं, कारण त्याच्या बरगड्या धडधडत होत्या. पण किती वर्षांनी कुणीतरी त्याला 'या' म्हणालं होतं. त्याने माझ्यावरून हात फिरवला आणि तो म्हणाला, "आमच्या घराण्यात सगळे असेच, साहेब."

झालं. तेव्हापासून मी रस्त्यावर आलो. बसमध्ये मी, चर्चमध्ये मी, उन्हाळ्यात बागेतल्या बाकावरही मीच. लबकसाहेब जेवायला बोलवायचे आणि वाढतच राहायचे. ऑब्रीची भूक चिमणीएवढी. बिचारा बटाटे रुमालात गुंडाळून खिशात घालायचा. पण मजाही होती. पूर्वी एकटा असताना त्याच्याकडे वेटर पाहतही नसे, आता मी बरोबर असलो की 'सर, सर' करत खिडकीजवळची जागा द्यायचा. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, "तुम्ही तेच ना? मिस्टर बिगलँड?" बिगलँड हा दुसरा जाडा नट. ऑब्री सुरुवातीला खुलासा करायचा. मग समोरच्याचा चेहरा पडायचा. पुढे पुढे तो निमूट 'बिगलँड' अशी सही करून द्यायला लागला.

मग लढाई आली आणि तिच्या मागून रेशन आलं. लोणी मोजून, बेकन मोजून, साखर मोजून. सगळा देश बारीक झाला आणि त्यात एकटा ऑब्री टिंडल गोल गरगरीत फिरत होता.

खाटकाच्या रांगेत बायका माझ्याकडे बोट दाखवायच्या. "आम्ही एका अंड्यावर आठवडा काढतोय, आणि हे बघा!"

"अहो मिस्टर, तुमचा दुकानदार कोण? आम्हालाही पत्ता द्या की!"

"पत्ता कसला विचारतेस मार्था, ते गायच गिळून आलेत."

ऑब्री मान खाली घालून उभा राहायचा. खरं तर लढाईच्या दिवसांत तो इतका वाळला होता, की माझे पट्टे त्याला दोनदा गुंडाळावे लागत. पण बोलणार काय?

शेवटी कुणीतरी तक्रार केली, की टिंडल कोटाखालून काळ्या बाजारातलं लोणी नेतो. एके दिवशी स्टुडिओच्या कँटीनमध्ये जेवणाच्या वेळी रेशन कचेरीतल्या मिस म्यूरिएल ओकशॉट आल्या. उंच, ताठ, डोक्यावर निळी हॅट, बरोबर एक वयस्कर हवालदार.

"मिस्टर टिंडल, उभे राहा."

"बाई, मी जेवतोय."

"तेच बघायला आलेय मी. कोटाखाली काय आहे?"

"पोट."

"कशाचं?"

अख्खं कँटीन चमचे खाली ठेवून ऐकत होतं. हवालदाराने पुढे होऊन मला बोटाने दाबून पाहिलं. "लोणी नाही वाटत, बाई. लोणी इतकं टणक नसतं."

"मग हॅम असेल." आणि मिस ओकशॉटनी हॅटमधली लांब पिन काढली व सरळ माझ्या मधोमध खुपसली.

मला काय वाटलं ते सोडा. ऑब्रीला काहीच वाटलं नाही, आणि घोटाळा तिथेच झाला. तो शांतपणे चहा पीत राहिला. सगळे डोळे विस्फारून त्याच्याकडे बघतायत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. त्याने खाली पाहिलं. पिन दिसली. मग त्याने कप खाली ठेवला आणि तो म्हणाला, "आई गं."

पण फार उशीर झाला होता. पिनेबरोबर घोड्याचे दोन केस बाहेर आले होते.

मिस ओकशॉटनी ते केस उजेडात धरले. "ही कुठली भाजी?"

ऑब्रीने सावकाश कोट काढला, मला सोडलं आणि टेबलावर ठेवलं. खाली नुसता शर्ट, आणि शर्टात जवळजवळ कुणीच नाही. कँटीनमध्ये एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. मिस ओकशॉटनी त्या शर्टाकडे पाहिलं. त्यांचा आवाज बदलला.

"शेवटचं पोटभर कधी जेवलात?"

ऑब्रीने आठवून पाहिलं. "एका नाटकात. पण ती कोंबडी पुठ्ठ्याची होती."

तेवढ्यात कुणीतरी कळवल्यामुळे लबकसाहेब धावत आले. मला टेबलावर आणि ऑब्रीला खुर्चीत पाहून ते लालबुंद झाले. "टिंडल! मला फसवलंस! मी जाड्या माणसाला घेतलं होतं! उद्यापासून येऊ नकोस!"

मला वाटलं, संपलं. ऑब्री मला उचलेल, आम्ही दोघं स्कारबरोला जाऊ, आणि पुन्हा तो प्रेताची कामं करेल. पण तो उठून उभा राहिला. मी अंगावर नसताना एवढ्या मोठ्या माणसाशी तो पहिल्यांदाच बोलत होता.

"साहेब, खरे जाडे पुष्कळ मिळतील. पण त्यांना म्हणा, जाडे होऊन दाखवा. त्यांना नाही जमायचं. ते नुसते असतात."

"आणि तुला जमतं? पोट नसताना?"

भिंतीशी एक लांब बाक होता. त्यावर एव्हाना हवालदार, दोन सुतार आणि मेकअपवाली बाई बसले होते, मध्ये जेमतेम वीतभर जागा. ऑब्री तिकडे चालू लागला. काय सांगू! त्याची टाच आधी टेकत होती, खांदे मागे गेले होते, श्वास जड झाला होता. बाकापाशी तो थांबला, बाकाकडे पाहिलं, जरा बोलणी केल्यासारखी मान हलवली, आणि वळून बसायला लागला. तसे हवालदार, सुतार आणि मेकअपवाली सगळे घाईघाईने दोन्ही बाजूंना सरकले. एक सुतार तर टोकावरून खालीच पडला. काडीएवढा माणूस बाकाच्या मधोमध ऐसपैस बसला आणि "माफ करा हं" म्हणाला.

हवालदार म्हणाला, "छे छे, साहेब, बसा ना नीट." मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो ओशाळला.

मी टेबलावर पडून हे सगळं पाहत होतो. अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, जरा लागलंही. इतकी वर्षं मला वाटत होतं, की हे सगळं माझ्यामुळे चाललंय.

लबकसाहेबांनी हनुवटी खाजवली. "ठीक आहे," ते गुरगुरले. "रस्त्यात कसाही फिर. पण कॅमेऱ्यासमोर हे बांधायचं. कॅमेऱ्याला तुझ्याइतकी अक्कल नसते."

मिस ओकशॉटनी जाताना पर्समधून कागदात गुंडाळलेला गाजराच्या केकचा तुकडा काढून ऑब्रीसमोर ठेवला. "हा खा. सरकारी नाही, माझा आहे." आणि मला काखेत मारून म्हणाल्या, "हे मी नेतेय. भोक मी पाडलंय, मीच शिवून देईन."

शिवून द्यायला त्या आल्या, मग बघायला आल्या की टाके टिकलेत का, मग पुन्हा आल्या. वसंतात त्यांचं लग्न झालं. ज्या बाईने मला भोसकलं तिच्याच घरी मी नांदायला गेलो.

लढाई संपली, काही वर्षांनी रेशनही संपलं, आणि म्यूरिएलने इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायला घेतला. सोमवारी मटण भरलेली जाड पेस्ट्री, मंगळवारी किडनी भरलेली, रविवारी बीफ आणि त्यावर मनुकांचं पुडिंग. "अजून एक चमचा घे, ऑब्री." "नको गं." "माझ्यासाठी." तो घ्यायचा. चिमणीची भूक हळूहळू कोंबडीएवढी झाली, मग टर्कीएवढी. एके दिवशी रंगपटात त्याने मला बांधलं आणि वरून कोटाची बटणं लागेनात. त्याने मला सोडून पाहिलं. बटणं बरोबर लागली.

आरशात त्याने एकदा समोरून, एकदा बाजूने पाहिलं. मग माझ्याकडे वळून ओशाळून म्हणाला, "आज राहू दे."

तो 'आज' पुष्कळ वर्षं चालला. मी जेवणाच्या खोलीतल्या कपाटात पडून होतो. माझ्या जागी आलेला तो नवा, खरा, मला मुळीच आवडला नाही. एक तर तो गुरगुरायचा. मी कधी प्रयोगात आवाज केला नव्हता. शिवाय त्याला ऑब्री कधी काढून ठेवू शकत नव्हता, हा तर शुद्ध आगाऊपणा होता.

ऑब्री सत्तरीला टेकला तेव्हा त्याला एका सिनेमात खाणावळवाल्याचं काम मिळालं. मुलीच्या लग्नाची गोष्ट. पहिल्यांदाच भूमिका एवढी मोठी होती, की शेवटी सगळ्या गावासमोर तो एकटा नाचतो. अर्धा सिनेमा झाला आणि तो आजारी पडला. दुखणं पोटाचंच होतं. त्या खऱ्या पोटाची फजिती झाली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

हॉस्पिटलातून तो परत आला तेव्हा मी कपाटाच्या फटीतून पाहिलं. पुन्हा तोच, खिळ्याला कोट अडकवल्यासारखा. पण या वेळी गालही गेले होते.

"फेनविक चांगला मुलगा आहे," ऑब्री म्हणाला. फेनविक म्हणजे त्या सिनेमाचा दिग्दर्शक. "पण त्याला कळलं तर तो दुसरा माणूस घेईल. घ्यायलाच हवा. पहिल्या अर्ध्यात मी एवढा, आणि नाचताना असा."

म्यूरिएलने कपाट उघडलं. मला बागेत नेऊन काठीने झोडपलं, कसर झटकली, केस कमी पडले तिथे आपल्या रजईतली पिसं भरली. गालांची सोय मेकअपवाली करेल म्हणाली. मग त्याला उभं करून तिने मला बांधलं.

"घट्ट झालं?"

"नाही. अजून आवळ."

तिने आवळलं. गाठ पक्की बसली.

स्टुडिओत फेनविक म्हणाला, "वा, मिस्टर टिंडल! हॉस्पिटलात चांगलंच खायला घातलेलं दिसतंय!"

"काय सांगू," ऑब्री म्हणाला, "तिथलं पुडिंग इतकं वाईट, की खात्री करायला दोनदा घ्यावं लागलं."

मग बाजा सुरू झाला. ऑब्रीने मला दोन्ही हातांनी खालून धरलं आणि तो नाचला. बघणाऱ्यांना वाटलं, म्हातारा आपल्याच पोटाबरोबर जोडीने नाचतोय. कॅमेऱ्यामागचे लोक तोंडावर हात दाबून हसत होते. त्याने मला का धरलंय ते मला ठाऊक होतं. पाय लटपटत होते, आणि धरायला जवळ दुसरं काही नव्हतं. मीही जमेल तेवढा घट्ट राहिलो. म्यूरिएल दिव्यांच्या मागे उभी होती. ती आधी हसत नव्हती. मग ऑब्रीने नाचता नाचता तिच्याकडे बघून एक भुवई उडवली, आणि तीही हसली.

घरी जाताना गाडीत तो म्हणाला, "जड झालंय गं."

"पोट काढू का?"

"नको, पोट राहू दे. बाकीचं जड झालंय."

सिनेमा लागला तेव्हा तो नव्हता. वर्तमानपत्रांत त्याचं नाव या वेळी बरोबर आलं, बिगलँड नव्हे. सगळ्यांनी लिहिलं, की शेवटपर्यंत कसा धडधाकट, खात्यापित्या घरचा माणूस.

आता मी म्यूरिएलच्या खुर्चीत असतो, तिच्या पाठीमागे. तिची कंबर दुखते, तिला टेकायला मी बरा पडतो. कधीमधी रविवारी दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागतो, तेव्हा शेजारच्या मिसेस पार्जेटर बघायला येतात.

"काय बाई, किती तब्येतीचा होता तुझा नवरा!" त्या परवा म्हणाल्या. "मग दुखणं एकाएकीच का गं?"

म्यूरिएल जरा मागे रेलली. तिची पाठ मला लागली.

"एकाएकीच," ती म्हणाली आणि तिने बिस्किटांची बशी पुढे केली. "घ्या ना. त्याला फार आवडायची."

माझी एकच विनंती आहे. मिसेस पार्जेटर अलीकडे मला धुण्याच्या मशीनमध्ये घालायच्या गोष्टी करतात, तेवढं कुणीतरी त्यांना समजावा. पिसांचं मला माहीत नाही, पण घोड्याच्या केसांना ते सोसायचं नाही.

बाकी मला काही नको. तुम्हाला तो कधी नाचताना दिसला तर पोट धरून हसा, लाजू नका. त्यासाठीच तर तो नाचला. आणि हे जे सगळं मी तुम्हाला सांगितलं, ते तेवढं पोटात ठेवा.